आतल्या खोलीपर्यंत नेट

९ नोव्हेंबर

हद्द झाली! घर माझं, खुर्ची माझी, आणि संध्याकाळी पेपर वाचायची सोय नाही. दिवाबत्ती करून, देवाला गाऱ्हाणं घालून हॉलमध्ये बसावं, तर शैला फोन घेऊन समोर हजर. पलीकडे प्रज्ञा — आमची लेक, इंदूरला असते. ‘भाजी काय केलीस?’ ‘पोळ्या मऊ होतात का गं?’ तासभर हेच! मी म्हटलं, आत जाऊन बोल. म्हणते, “आत नेट येत नाही, माहीत नाही का तुम्हाला?”

माहीत आहे. राउटर हॉलच्या दारावर, मधे दोन भिंती.

मी प्रज्ञाशी बोलत नाही. वर्ष झालं. आधी कोर्टात लग्न केलं, मग फोन केला — बाबा, झालं. झालं म्हणे! मुलगा चांगला आहे, सगळे सांगतात. असेल. पण बापाला विचारायचं असतं की नाही? आईशी बोलू दे, मी अडवलेलं नाही. माझ्या कानाशी नको, एवढंच.

१० नोव्हेंबर

आज तर कळस! बोलता बोलता पलीकडून तिच्या सासूची हाक — “प्रग्या! ओ प्रग्या बेटा!” आणि आमची लेक ‘आले हं’ म्हणून पळाली. प्रग्या कोण? गावच्या शाळेत गुरुजींनी बोटं दुखेपर्यंत पाटीवर ज्ञ गिरवून घेतला होता. सगळ्यात शेवटचं अक्षर, सगळ्यात अवघड. ते मुलीच्या नावात हवं म्हणून बारशाला मी हट्ट धरला. आणि या लोकांनी तेच मोडून टाकलं!

ठरलं. आतल्या खोलीत नेट नेणार.

१२ नोव्हेंबर

हाटकेश नाक्यावरच्या दुकानातून एक्स्टेंडर आणला, नेट पुढे ढकलणारा डबा. दुकानदार म्हणाला, “अंकल, बस प्लग में लगाओ, हो गया.” काय हो गया! आतल्या खोलीत लावला तर नुसता लाल दिवा. शेजारचे दत्ताराम आले आणि हसत सुटले. “अहो, जिथे नेटच नाही तिथे हा कुठून ओढणार? कोरड्या विहिरीवर पंप बसवलात तुम्ही! मधे लावा.”

मधे म्हणजे पॅसेज. तिथे प्लग एकच — देव्हाऱ्यातल्या बल्बचा. म्हणजे आता देवाने अंधारात बसायचं! समई आहे म्हणा. बल्ब काढला, हात जोडले. राग काही गेला नाही.

१३ नोव्हेंबर

पासवर्ड चुकीचा म्हणतोय! माझाच पासवर्ड मला माहीत नाही? नेट आलं तेव्हा बसवणाऱ्याला मीच सांगितलं होतं — प्रज्ञा ठेव, पुढे एक दोन तीन. पुढे सगळ्यांच्या फोनवर तिनेच टाकून दिला, मला कधी टाकावा लागला नाही. पण लेकीच्या नावाचं स्पेलिंग मी विसरेन? पी, आर, ए, डी, एन, वाय, ए, पुढे आकडे. लहान अक्षरांत टाकलं, मोठ्या अक्षरांत टाकलं. चुकीचा!

कंपनीला फोन लावला. “सर, पासवर्ड तो आपने ही रखा होगा.” अरे, मीच ठेवलाय, म्हणून तर सांगतोय! “तो रीसेट करके नया रख लीजिए ना, सर.”

का म्हणून? माझ्या घरातून तिचं नाव मी का काढू? फोन आपटला.

१४ नोव्हेंबर

शैलाने सगळी कथा तिला फोनवर सांगितली, हॉलमध्येच. मी पेपरामागे. पलीकडून हसणं — लहानपणचंच, नाकातून येणारं.

“आई, बाबांना सांग, डी एन नाही. जी. जी, वाय, ए. नेट बसवायला आलेले भैया होते ना, बाबांनी प्रज्ञा सांगितलं, त्यांनी प्रग्या लिहिलं. मी तेव्हाच पाहिलेलं.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“बाबा केवढे चिडले असते! आणि चाललं होतं ना नेट.”

शैला माझ्याकडे वळली. “ऐकलंत?”

“मी पेपर वाचतोय,” म्हटलं.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर टाकून पाहिलं. हिरवा दिवा, लगेच! म्हणजे इतकी वर्षं माझ्याच घरात, माझ्याच भिंतींतून... संताप झाला. कोणावर, ते कळेना.

१५ नोव्हेंबर

आत नेट उत्तम. शैला दार लोटून बोलते.

१७ नोव्हेंबर

पेपर पूर्ण वाचला. छोट्या जाहिरातींसकट.

१९ नोव्हेंबर

दाराआडून दोघींचं हसणं आलं. शब्द एक कळेल तर शपथ! बाहेर आल्यावर विचारलं, एवढं काय झालं हसायला? “काही नाही, आमचं आपलं.”

आमचं आपलं! मग जेवताना सहज म्हणते — प्रज्ञाला मधे ताप येऊन गेला, आता बरी आहे. येऊन गेला? आणि मला आज कळतंय? हॉलमध्ये बोलत होत्या तेव्हा साधी शिंक आली तरी मला कळायची! रोज गाऱ्हाण्यात तिचं नाव घेतो मी. एक दिवस गाळलेलं नाही. तापाचं कळलं असतं तर तेही देवाच्या कानावर घातलं असतं. नुसतं ‘सुखी ठेव’ म्हणत बसलो, मूर्खासारखा.

२० नोव्हेंबर

एक्स्टेंडर काढून माळ्यावर टाकला. देवाचा बल्ब जागेवर लावला. शैलाला सांगितलं, जळला तो.

“जळला? वास कसा नाही आला!” म्हणाली. आणि माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसली, फोन लावला, आवाज मोठा केला.