टेकडीपलीकडून कोड कोण विचारतं

सोमवार

आले एकदाची! ग्लायडर क्लबात विजेची कामं बघायची नोकरी, राहायला हँगरशेजारीच खोली. धाकटा भाऊ इथेच उडायला शिकतो. आता एकटा उडतो म्हणून स्वारी जमिनीवर नाहीच. मिस्त्रीकाकांनी चहा पाजला. माणसं गोड आहेत, पण बॅटरीच्या बाबतीत महाकंजूष. ग्लायडरला इंजिन नाही, सगळा भार एका बॅटरीवर. त्यात ट्रान्सपाँडर, म्हणजे विमानाची ओळख सांगणारा डबा, भलता खादाड. रडारनं विचारलं की तो आपला चार आकडी कोड सांगतो, दर उत्तराला त्याचा दिवा लुकलुकतो. जितके प्रश्न जास्त, तितकी वीज जास्त. म्हणून टेकडी ओलांडली की हे लोक तो चक्क बंद करतात! एखादं विमान येऊन धडकलं म्हणजे? असलं काही पाहिलं की माझं डोकंच फिरतं.

बुधवार

दोन्ही ग्लायडरांत मोठ्या बॅटऱ्या बसवल्या. ट्रान्सपाँडरचं बटण जागच्या जागी ठेवलं, पण वायर त्याला वळसा घालून थेट जोडली. करा म्हणावं आता बंद! कुणाला सांगितलं नाही. उडायला शिकवणाऱ्या दाढीवाल्या मास्तरांनी दिवसभर डोकं खाल्लं असतं.

शुक्रवार

मास्तर गेले.

टेकडीपलीकडून आलेलं त्यांचं ग्लायडर धावपट्टीवर आपटलं, आम्ही धावलो. काच फुटलेली. पट्टे घट्ट आवळलेले, त्यांत कंबर आणि पाय. वरचं काहीच नव्हतं. चावून तोडल्यासारखं. बटण दाबून दाबून मोडलं होतं, त्यात त्यांचं नख अडकलेलं. आणि ट्रान्सपाँडरचा दिवा लुकलुकत होता, उत्तरं देत होता.

शनिवार

काका रडत म्हणाले, पोरी, टेकडीपलीकडे रडार पोचतच नाही. तिथे दुसरंच काहीतरी विचारतं. उत्तर मिळालं की येतं. बॅटरीचं आम्ही नुसतं निमित्त सांगतो, खरं सांगितलं तर नवं माणूस टिकेल का?

मास्तरांना मी मारलं. मीच.

हँगरला पोलिसांचं कुलूप आहे. ते निघालं की आधी दुसऱ्या ग्लायडरची वायर तोडायची.

रविवार

जबाबाला नेलं होतं. परतले तर कुलूप निघालेलं, आणि धाकटा वर. मास्तरांना सलामी द्यायला गेलाय म्हणे. टेकडीपलीकडे.

रेडिओवर ओरडतोय — दिवा थांबत नाही — खाली मोठी सावली, वर काहीच नाही — पंखाचं टोक गेलं —

माझ्या खोलीत टेबलावर दुरुस्तीला आलेला ट्रान्सपाँडर होता, तो थेट भिंतीतल्या विजेवर चालू केला. त्याचाच कोड लावला. माझं उत्तर जास्त जोरात जाईल. ये मेल्या, इकडे ये.

काकांना पिटाळलं.

धाकटा म्हणतोय, ताई, वळलं ते, गेलं, मी उतरतोय —

माझा दिवा लुकलुकायचा थांबलाय. सलग पेटलाय —

छपराचा पत्रा सोलतंय. दातांत दाढी — मास्तरांची —

खिडकीतून ग्लायडर दिसतंय. अजून नाही. तो टेकेपर्यंत ह्या ट्रान्सपाँडरची वायर तोडायची नाही. डावा हात खांद्यापासून — उजव्यानं लिहि —

चाक टेकलं. टेकलं रे राजा! आता वायर तो —