तेरावं नाव

४ ऑक्टो. ९६, शुक्र., शारजा
ग्लेनने शेवटी ओढून नेलंच. आमच्या गोदामाचा मॅनेजर, ऑस्ट्रेलियन. मी तिथल्याच सावंतला कबड्डीतली पकड दाखवताना त्याने पाहिलं, तेव्हापासून मागे लागला होता. दुबईत त्यांची रग्बी लीगची टीम. तेरा-तेरा जण, लांबुळका बॉल हातात घेऊन पळायचं. म्हटलं, यात काय मोठंसं!
दोघांना चकवलं, तिसऱ्याने पाय धरले. धाडकन आडवा. उठलो आणि सवयीने मैदानाबाहेर चालायला लागलो. ग्लेन मागे धावत आला, ‘कुठे चाललास?’ म्हटलं, ‘आउट ना?’ मेला पोट धरून हसला.
इथे धरलं म्हणजे बाद नाही. उठायचं, बॉल पायाने मागे सारायचा, परत खेळ. सहाव्यांदा धरलं की बॉल समोरच्यांना. सोळा वर्षं कबड्डी खेळलोय, हे डोक्यात शिरायचं कसं?

१८ ऑक्टो.
परत शोभा. शेवटची रेष ओलांडून बॉल जमिनीला टेकवायचा. मी कबड्डीसारखी रेष पायाने शिवली आणि बॉल घेऊन उलटा पळालो, आपल्या बाजूला. आपल्याच माणसावर आदळलो! आता सगळे ‘यू-टर्न’ म्हणतात. वैशाली म्हणाली, ‘अहो, चौतिशीत हे काय खूळ?’ पण कबड्डी सुटल्यापासून इतकी छान झोप लागली नव्हती, हे तिला काय सांगू.

५ फेब्रु. ९९
गुडघा. कट्ट आवाज मलाच ऐकू आला. डॉक्टर म्हणतो, खेळ खलास. मुग्धा: ‘बाबा, जस्ट स्टॉप, नो!’ रडलो. बर्फाने दुखतंय सांगितलं तिला.

३ मार्च २०००
वर्षभराने मैदानावर. गुडघ्याला पट्टा. घरी सांगितलंय, नुसता बघायला जातो. वीस मिनिटं खेळलो. दोन दिवस जिना उतरताना देव आठवला.

१२ जाने. २००१
ग्लेन कायमचा परत चाललाय. जाताना शिट्टी माझ्या गळ्यात घातली. ‘यू आर कोच नाऊ.’ मी? इंग्रजीत धड ओरडता येत नाही मला. त्याला विचारलं, कोच म्हणजे मी खेळायचं की नाही? म्हणाला, ‘दॅट्स द कोच्स प्रॉब्लेम, मेट.’ वा रे वा.

९ फेब्रु.
कबड्डीची साखळी शिकवली. हातात हात धरून तिघांनी मिळून एकाला घेरायचं. गोरे आधी लाजले, मग रंगले. सगळ्यात तयार रशीद. आमच्याच रोल्ला भागात राहतो, पेशावरकडचा, ट्रक चालवतो. माझ्याच जागेवर खेळतो, माझ्यापेक्षा चांगला. मी त्याला शाबासकी दिली आणि लगेच राग आला. त्याचा की माझा, कळेना.

१५ मार्च, गुरु.
उद्या फायनल. बरेच जण सुट्टीवर, मला धरून चौदाच. म्हणजे एकाने बाहेर. रशीदने विचारलं, ‘उस्ताद, मैं खेलूँगा ना?’ म्हटलं, ‘इन्शाल्ला.’ दुसरं काय बोलणार?
फायनल कधी खेळलोच नाही मी. गावाकडेही सेमीतच हरायचो.

१६ मार्च, सकाळ
यादी मैदानावर पोचल्यावर द्यायची. बारा नावं पटापट लिहिली. तेराव्या जागी रशीद लिहिलं, खोडलं. माझं लिहिलं, तेही खोडलं. कागदाला भोक पडलं. कोच म्हणून विचारलं तर उत्तर एका सेकंदात येतं. मग हा हात का ऐकत नाही?
वैशालीने चहा ठेवला, कागद बघितला. वाटलं, आता बोलणार. ‘पट्टा धुऊन वाळत घातलाय,’ एवढंच म्हणाली. म्हणजे हिला वर्षभर ठाऊक होतं!
गुडघ्याने धरलंय मला. हे धरणं कबड्डीतलं की इथलं? ग्लेन असता तर परत विचारलं असतं, आउट ना?
पिशवीत शिट्टी टाकली. पट्टाही टाकला. यादी नवीन कागदावर उतरवली, बारापर्यंत. खाली रशीद हॉर्न देतोय, मला न्यायला आलाय. यल्ला, चला, उठतो.