पायाशी टिंब

७ जुलै, मंगळवार

मानपत्र शेवटी माझ्याच गळ्यात पडलं! हेडसर म्हणाले, "तुमची भाषा ओघवती आहे." म्हणजे दुसरं कुणी तयार नाही. येत्या अठराला बाईंचा सत्कार. छत्तीस वर्षं याच शाळेत शिकवलं, त्याबद्दल. आणि सुचलं कधी? तर अर्धांगवायूनं उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं, तेव्हा!

मीही बाईंचीच विद्यार्थिनी. आता त्यांच्याच वर्गात शिकवते. लिहायला बसले तर सगळे शब्द भाड्यानं आणलेल्या खुर्च्यांसारखे. 'ज्ञानाचा अखंड झरा' — शी! बाईंनी लगेच टिंब दिलं असतं. त्या चुकीवर फुली कधीच मारत नसत. चुकलेल्या शब्दाच्या पायाशी पेन्सिलीनं एक बारीक टिंब द्यायच्या आणि म्हणायच्या, "शोध." डोक्यावर टिंब म्हणजे अनुस्वार, पायाशी टिंब म्हणजे चूक, असं आम्ही मुली म्हणायचो. चूक सापडली की टिंब त्या स्वतः खोडत.

९ जुलै, गुरुवार

झालं एकदाचं. एक वाक्य तर झकास जमलंय — 'बाईंच्या हाताखालून एकही मूल शाळा अर्धवट सोडून गेले नाही.' खोटं नाही. मूल चार दिवस दिसलं नाही की बाई त्याच्या घरी हजर! आईबापांशी वाद घालून त्याला परत आणत.

ताईला वाचून दाखवलं. ती आमच्याच शाळेचे गणवेश शिवत होती. "छान आहे," म्हणाली आणि दातानं दोरा तोडला. "तुला काय कळतंय म्हणा!" मी नेहमीसारखं म्हटलं. ती हसली. ताईला अभ्यासात गती नाही — हे आमच्या घरातलं जुनं पालुपद. बाबांनी सुरू केलेलं. आईबाबा गेले, पालुपद राहिलं.

१२ जुलै, रविवार

मसुदा घेऊन बाईंकडे गेले. खोलीभर औषधांचा वास. सून म्हणाली, "ओळखतात सगळ्यांना, पण लगेच दमतात." भिंग धरून एक पान वाचायला त्यांना अर्धा तास लागला. मला वाटलं, आता डोळे पुसतील. त्यांनी पेन्सिल मागितली! डाव्या हातानं, ओठ दाबून, 'एकही'च्या पायाशी टिंब दिलं.

"बाई, काय चुकलं?"

डोळे मिटून घेतले. "शोध."

मी लगेच कागदावर वाकले. अजूनही वाकते!

१३ जुलै, सोमवार

शुद्धलेखनाचं पुस्तक उलटंपालटं केलं. 'एकही' बरोबरच आहे. हेडसर म्हणतात, "अहो, हात थरथरला असेल. सोळाला छापायला द्यायचंय, लक्षात आहे ना?"

थरथरला नव्हता. मी समोर बसले होते.

१५ जुलै, बुधवार

शाळा सुटल्यावर कार्यालयात जुनी रजिस्टरं काढून बसले. बाईंच्या वर्गातून कोण कोण मध्येच गेलं आणि का. वडिलांची बदली. वडिलांची बदली. घर बदलले. पुन्हा बदली. तीन तास तेच. मनात म्हटलं, मीच बरोबर. म्हातारपणी बाईही चुकणारच की!

मग सातवीच्या पानावर ताईचं नाव आलं.

ताई याच शाळेत होती, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण तिला मी त्या मुलांत कधी धरलंच नव्हतं.

'प्रगती' या रकान्यात लिहिलंय — उत्तम. शेजारी 'शाळा सोडल्याचे कारण' — अभ्यासात गती नाही. दोन्ही ठिकाणी अक्षर बाईंचंच. आणि 'गती'च्या पायाशी पेन्सिलीचं टिंब. एवढी वर्षं तसंच आहे. कुणी शोधलंच नाही, तर खोडणार कोण?

त्या वर्षी आईनं अंथरूण धरलं होतं. मी पाचवीत. माझ्या वेण्या कोण घालायचं, डबा कोण भरायचं, ते आज आठवलं. लाज वाटली. आणि बाईंचा राग आला. इतरांच्या दारात भांडणाऱ्या बाईंनी ताईच्या वेळी असं खोटं लिहिलंच कसं?

१६ जुलै, गुरुवार

वाक्य बदललं — 'एकच मूल गेले, आणि त्याला गती होती.' हेडसर वैतागले. "मानपत्रात कुणी उणं लिहितं का?" म्हटलं, मग दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. शेवटी तसंच छापायला दिलं.

ताईला विचारलं. "जुनं काय उकरत बसतेस," म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

उद्या शाळेनंतर बाईंकडे जाणार. टिंब खोडून घेणार. आणि जाब विचारणार — हो, बाईंना!

१७ जुलै, शुक्रवार

बाई आज सकाळी गेल्या. कागद पर्समध्येच राहिला.

१८ जुलै, शनिवार

सत्काराच्या खुर्च्यांवर शोकसभा झाली. शाल फोटोला घातली. मी ते वाक्य वाचलं, तेव्हा शेवटच्या रांगेत ताई मान खाली घालून बसली होती.

घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "बाईंना बोल लावू नकोस. आईपाशी एकीला राहावंच लागणार होतं. बाबा म्हणाले, मोठी हुशार आहे, तिला शिकू दे. धाकटीचं नाव शाळेतून काढू. बाई दोनदा येऊन भांडल्या, बाबा हटले नाहीत. मग मीच बाईंच्या पाया पडले. म्हटलं, मला गती नाही असं लिहून द्या. तुम्ही लिहिलंत तरच बाबा ऐकतील."

म्हणजे गती नव्हती ती मला.

एवढ्या वर्षांत ताई एकदाही 'शोध' म्हणाली नाही.