चांद्री उभ्या मक्यात आहे

प्रिय बाबा,

आपल्या चांद्रीला मी चरायला उभ्या मक्यात सोडलंय. ऐकलंत ना? उभ्या मक्यात! आणि मी शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या निंबाखाली बसून तिच्यावर डोळा ठेवून आहे. तुम्ही गेलात, तरी सांगावं तर तुम्हालाच, आणि धाकही तुमचाच. म्हणून हे पत्र.

रागवा, पण आधी ऐका. विहिरीनं तळ दाखवला. मका कणसं धरायच्या आतच सुकायला लागला. त्यात गोठ्यात घसरून माझा डावा हात मोडला. विळा उजव्या हातानं चालतो, पण कापताना मक्याची ताटं धरायला डावा लागतोच ना! मजूर सगळे कांदे काढायला गेलेले. कडबा संपला, कुटार, म्हणजे भुसा तेवढा उरलाय थोडा. गाभण गाईला दावणीला उपाशी ठेवू का?

ढोरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, पाण्याचा ताण बसला की मक्याच्या बुडाशी विष साठते. आधी कुटार चारा, मंग थोडा वेळ सोडा. वरचा पाला खाल्ला की काढा बाहेर." एवढं सगळं सांगितलं, पण माझ्या डोक्यात 'विष' तेवढं राहिलं.

चांद्रीची माय आठवते मला. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन ह्याच धुऱ्याशी कोसळली होती. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. त्यानंतर मात्र उभ्या पिकाकडे नुसती मान वळवली तरी चांद्रीला काठी! वासरू होती हो ती. इतकं कशाला मारायचं?

मघाशी शेवंताकाकू रस्त्यावरून ओरडल्या, "सुमे, उभ्या पिकात ढोर काऊन सोडून राह्यली वं? तुया बापानं तं मायी गाय कोंडवाड्यात नेली होती!" हसू आलं, आणि लगेच मी चांद्रीकडे वळून पाहिलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. दावं सोडलं, तरी चांद्री आत जाईना! मक्याला तोंड लावायला मिळावं म्हणून आयुष्यभर धडपडली, आणि आता धुऱ्यावर उभी राहून मागे बघत होती. तुमची काठी कुठून येते ते बघत होती, बाबा. मी ढकललं, चुचकारलं. काही नाही. शेवटी तुम्ही वैरण टाकताना म्हणायचात तसं, तुमच्याच जाड आवाजात म्हटलं, "हाव, खाय माय, खाय!" आणि ती कान हलवत सरळ आत गेली.

तेव्हापासून मला धीर नाही. माझ्यावर नाही, तुमच्यावर भरवसा ठेवून गेली ती. तिला काही झालं तर?

थांबा, बघून येते.

पोट फुगलं तर कूस टणक लागते, म्हणून डावी कूस दाबून पाहिली. मऊ आहे. मऊच आहे ना? माझ्याच हातावर विश्वास बसत नाही. बाहेर काढलीय तिला, निंबाखाली उभी आहे. अजून बसली नाही, रवंथही नाही.

ती रवंथ करायला लागेपर्यंत मी इथून उठणार नाही. आणि उद्या तिला पुन्हा सोडायची वेळ आली, तर तुमचा आवाज काढणार नाही, बाबा. माझ्याच आवाजात सांगेन. जायचं की नाही, ते तिनं ठरवावं.

तुमची भित्री,
सुमी