तांदळातली जुनी डिस्क

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

“चालत्या मशीनला हात लावू नये.” माधवकाका हे म्हणाले त्याला वीस वर्षं झाली. तेव्हा मी त्यांच्या रोह्याच्या प्रेसमध्ये नवी होते आणि उत्साहाच्या भरात कटिंग मशीनला नको तिथे तेल पाजलं होतं. मशीन पुढे आठवडाभर कागदांवर ओकत होतं.

आज ते वाक्य सारखं आठवतंय. कारण हात लावावा लागणार!

पेणच्या आमच्या दुकानात कॉम्प्युटर एक आणि त्याच्या मालकिणी दोन. सकाळी मालतीवन्सं, माझी नणंद, म्हाताऱ्यांचे अंगठे घेऊन त्यांना पेन्शन काढून देतात. दुपारनंतर मी लग्नपत्रिका लावते, आणि या दिवसांत काकांचा दिवाळी अंक. वन्संच्या कंपनीचा निरोप आलाय – चौदा ऑक्टोबरनंतर जुनी विंडोज चालणार नाही. माझं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर काकांनी प्रेस बंद करताना दिलेलं. ते बनवणारी कंपनीच आता नाही. नव्या विंडोजवर ते चालेल का, हे सांगायला माणूस उरला नाही.

नवी घातली तर मी उपाशी, नाही घातली तर वन्सं.

३० सप्टेंबर

वडखळहून पुंडलिक आला, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. “वरच्या वर टाकतो ताई. काय नाय होत!”

‘काय नाय होत’ म्हणणाऱ्या माणसांनी माझं आयुष्य भरलेलं आहे. त्यातल्या एकाशी लग्नही झालं. मी सांगितलं, आधी आहे त्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर करायची. प्रयोग नकलेवर. जुनी काढून ठेवायची.

“एवढी भीती?”

“हो.”

दसरा होऊ दे म्हणाला. बरं.

१ ऑक्टोबर

अंकाची पानं लावून झाली. उद्या मशीनची पूजा, परवा शस्त्रक्रिया. मग प्रुफं काकांकडे. ह्यांची कंपनी रोह्यालाच, त्यामुळे लिफाफा फ्रिजवर ठेवायचा, सकाळी शिफ्टला जाताना हे उचलतात. वर्षानुवर्षं तोच तपकिरी लिफाफा, चिकटपट्ट्यांवर जगतोय.

पहिल्या अंकाला काकांनी लाल शाईने पानं रक्तबंबाळ केली होती. गेल्या वर्षी अख्ख्या अंकात चार खुणा! विद्या आली म्हणायची. मी कुणाला बोलले नाही, पण मनात फार सुखावले होते.

२ ऑक्टोबर, दसरा

पूजा वन्संनी केली. मी श्रीखंडावर लक्ष दिलं.

३ ऑक्टोबर

मेले.

जुनी डिस्क काढली, पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवली, दमट हवा लागू नये म्हणून. पुंडलिकने नकलेवर नवी विंडोज चढवली. वन्संचं काम फटाफट सुरू. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी अंक उघडला – सगळीकडे चौकोन! अक्षर म्हणून एक नाही. छापून बघू म्हटलं एक पान, तर पुंडलिकने अख्खा अंकच सोडला. चौकोनांची चळत.

माझ्या सॉफ्टवेअरचं एक लॉक असतं, अंगठ्याएवढं, कॉम्प्युटरच्या भोकात खुपसायचं. ते नसलं तर सॉफ्टवेअर अक्षरं देत नाही. लॉक जागेवर होतं, पण त्याचा हिरवा दिवा मेलेला.

“जुनाट हाय. नव्या विंडोजला पटत नाय,” पुंडलिक म्हणाला.

मी म्हटलं, तांदळातली लाव. लावली. जुन्या विंडोजवरही चौकोन!

म्हणजे विंडोजचा दोष नाही. लॉकच गेलं. एकुलतं एक. भुकेचं कारण सांगून पुंडलिक पळाला. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून रडले. त्रेचाळिसाव्या वर्षी, स्टुलावर बसून, नाक पदराला पुसत. शोभत नाही, पण बरं वाटतं.

४ ऑक्टोबर

लॉक काढून उजेडात धरलं. तोंडात लाल लगदा.

“वन्सं, हे काय?”

“कुंकू! नुसतं राहत नाही म्हणून तेलात कालवलं. बाहेर काढून दोन्ही बाजूंनी लावलं, परत घातलं. तूच म्हणालीस ना वहिनी, यावर आपलं पोट आहे? मग पोटाची पूजा नको?”

“तोंडात कुंकू भरतात का कुणाच्या?”

“मला काय माहीत त्याचं तोंड कुठे नि ढुंगण कुठे!”

दोघी हसून बेजार. ह्यांच्या दातांच्या ब्रशने आणि सॅनिटायझरने लॉक घासलं, कॉम्प्युटरचं भोकही. वाळवलं. हिरवा दिवा! नवी डिस्क लावली, नवी विंडोज, अंक उघडला – अक्षरं. सगळी. पान अन् पान ताडून पाहिलं. एक वेलांटी हललेली नाही.

जुनी डिस्क तरीही तांदळातच राहील. ब्रश जागेवर ठेवलाय. ह्यांना सांगितलेलं नाही.

६ ऑक्टोबर

संध्याकाळी खरी प्रुफं लिफाफ्यात घालायला गेले तर फ्रिजवर लिफाफा नाही! त्यात मी चौकोनांची चळत ठेवली होती, पाठकोरे कागद वन्संना हिशोबाला होतील म्हणून. हे सकाळी तीच घेऊन गेले.

“तूच म्हणतेस, फ्रिजवरचं उचलायचं.”

काकांचा फोन येणार, “हे काय भिंत बांधत्येस की अंक?” वाट बघत्ये. ऐकायला मजा येईल.

७ ऑक्टोबर

फोन आला नाही. लिफाफा आला.

पानोपान चौकोन. शेवटच्या पानावर लाल शाईत, तिरकं, कागदाच्या बाहेर जात: “उत्तम. एकही चूक नाही. छाप.”

गेल्या वर्षीच्या चार खुणा. मी सुधारले नव्हते.

काकांच्या घरी, आनंदीकाकूंना फोन केला. आधी उडवाउडवी, मग आवाज बारीक झाला. “मोतीबिंदू गो. दोन्ही. पेपर मी वाचून दाखवते. डॉक्टर म्हणतात अजून होईल ऑपरेशन, तर हे म्हणतात, चालतंय ना? तू कळलंय असं दाखवू नकोस हां. तुझा अंक तेवढा उरलाय त्यांना.”

८ ऑक्टोबर

उद्या ह्यांच्या मागे गाडीवर बसून रोह्याला. खरी प्रुफं घेऊन. मीच वाचून दाखवणार, त्यांनी चुका पकडायच्या. ते झालं की म्हणणार – काका, एकच डोळा करा. दुसऱ्याला हात नाही लावायचा. तो तसाच ठेवू, तांदळात.

काय म्हणतील ते मला वीस वर्षं पाठ आहे.