चिमीची आवडती जागा

मंगळवार, संध्याकाळ. थेरगाव.

भाचीच्या लग्नाला आम्हा दोघांना चार दिवस नाशिकला जायचंय, म्हणून आमच्या मांजरीसाठी, चिमीसाठी, प्राणी सांभाळणारी माणसं मिळतात त्या ॲपवर माणूस शोधला. एका मांजरीचा फॉर्म तो केवढा! सकाळी कॅबमध्ये बसून भरून टाकला. निवडलेल्या मुलीचा आत्ता फोन आला.

"ताई, चिमीची आवडती जागा 'अण्णांची मांडी' लिहिलीय. आणि 'त्या दिवसांत घरी कोणी असेल का' याच्यापुढं 'नाही'. मग अण्णा कुठं असणार?"

अण्णा, माझे सासरे, घरीच असणार. डबा शेजारच्या काकू देतील. त्यांना वाकून चिमीची वाटी भरता येत नाही, म्हणून 'नाही' केलं असेल. असेल? आठवत नाही. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आत्ताही फारसं काही वाटत नाहीये.

चुकून झालं, बदलते, असं तिला म्हटलं. ते 'नाही' अजून तसंच आहे.

फोन ठेवल्यावर अण्णांनी विचारलं, "कुणाचा गं?"

"आपण नसताना चिमीकडं बघायला एक मुलगी येणारे."

'आपण', म्हणाले मी. 'आम्ही' नाही.

चिमी त्यांच्या मांडीवरच झोपली होती. तिच्या पाठीवरून हात फिरवत अण्णा म्हणाले, "कशाला उगं? मी हाय की घरात."