मळ्यातलं यंत्र आणि सुमनचं लग्न

४ मार्च २००८, पिंपरी पेंढार
पुण्याच्या साहेबांनी आमच्या मळ्यात हवामानाचं यंत्र उभं केलं. उंच खांब, वर गरगरणाऱ्या वाट्या. गारांचा इशारा माझ्या मोबाइलवर येणार, मी तो देवळाच्या भोंग्यावरून गावाला सांगायचा. साहेब म्हणाले, यंत्राला हात लावू नका. सासूबाई म्हणाल्या, "हात कुटं लावलाय? कुंकू लावलं."

११ मार्च
पहिला इशारा. संध्याकाळी गारा. भोंग्यावरून सांगितलं. गावानं कामं टाकून कांदा झाकला. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. एक थेंब नाही.

१२ मार्च
दत्तूभाऊ, माझे चुलतदीर, पारावरून सगळ्यांसमोर: "वयनी, गारा फ्रीजमदीच ऱ्हायल्या काय?"
साहेबांना फोन केला. म्हणे, "शक्यता म्हणजे खात्री नव्हे." म्हटलं, हे तुम्ही पारावर येऊन सांगा. फोन कट.

२१ मार्च
आज दत्तूभाऊंच्या सुमनचं लग्न. घोडेगावचं वऱ्हाड, उघड्या माळावर मांडव. सकाळी मोबाइल वाजला. दुपारी वादळ, गारा. हे म्हणाले, "गप बस. परत हसं व्हईल."
मळ्यातला कांदा झाकायचा सोडून मी मांडवात गेले. भटजींच्या हातातला माइक घेतला. "गारा येतीलच असं नाय. पण समद्यांनी शाळेत चला." कुणी हललं नाही. दत्तूभाऊ लाल.
मग सुमनच उठली. "काकू, मी येते. शालू नवा हाय." ती पुढं, मागं नवरदेव, मागं भटजी, मग अख्खं वऱ्हाड.
अक्षता शाळेच्या वर्गात पडल्या. बाहेर मांडव आडवा, आमटीच्या पातेल्यात गारा. माणूस एकही जखमी नाही.
आमचा कांदा मात्र उघडाच राहिला. सडणार.  यांनी पाठीवर हात ठेवला.

२५ मार्च
दत्तूभाऊ पारावर सांगत होते, "मीच म्हनलो, शाळेत चला." सुमननं माहेरी फोन करून विचारलं, काकूंचा कांदा कसा आहे. दुपारी दत्तूभाऊ ताडपत्री घेऊन दारात. उरलेला कांदा आम्ही दोघांनी निवडला. 

२ एप्रिल
पुन्हा इशारा. उद्या गारा. भोंग्यापर्यंत पोचायच्या आतच गाव झाकपाक करतंय. ऊन कडक, ढगाचा ठिपका नाही. दत्तूभाऊ दोनदा विचारून गेले, "येतील ना नक्की?"
गारा पडू नयेत म्हणून देवाला हात जोडले. जोडता जोडता मनात आलं, माळावर तरी थोड्या…